ओळखीचा हवा, पण नात्यातला नको

शुक्रवार, मे महिना. बल्लारपूर.

सकाळी दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासले. अकरा वाजता रजा टाकून रजिस्ट्री ऑफिसला गेले, संध्याकाळी परत आले. ऊन फार होतं. घर झालं.

आई, माझ्यापुरता दिवस एवढ्यातच सांगून संपतो, हे तुला माहीत आहे. पण तू असतीस तर म्हणाली असतीस, "हाडं दाखवली, आता मांस सांग." म्हणून पुढे लिहिते आहे. घर लहान आहे. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, तिथे एक मोहाचं झाड लावता येईल. घर ज्यांचं होतं ते काका पेपर मिलमधून निवृत्त झालेले. आज रात्रीच्या गाडीने ते आणि काकू मुलाकडे कायमचे निघाले. आज सह्या झाल्या नसत्या तर पुढचा व्यवहार त्यांच्या भाच्याच्या हाती जाणार होता, आणि भाच्याकडे माझ्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक तयार होतं. काकांनी मला शब्द दिला होता, पण तो त्यांचा होता, भाच्याचा नव्हता.

कागदांवर दोन साक्षीदार लागतात. काकांनी त्यांचे शेजारी आणले. दुसरा साक्षीदार मी आणायचा होता. माझे वकील सडपातळ, फार काटेकोर माणूस. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "कायदा काहीही म्हणो, मी नातेवाईक साक्षीदार घेत नाही. उद्या वाद झाला तर तो तुमच्याच बाजूने बोलला म्हणतात. माणूस तुम्हाला ओळखणारा हवा, पण नात्यातला नको." मी हो म्हटलं. मला ते अगदी सोपं वाटलं. मी कुणाच्या घरी जात नाही, कुणाला घरी बोलावत नाही. माझ्याइतकी कमी नाती असलेली बाई या गावात दुसरी कोण असेल?

पण तू इथे आठ दिवस राहून गेली होतीस, हे मी विसरले.

तू दवाखान्याच्या बाकावर बसली आहेस. पायाशी पानांत बांधलेली चारोळी. मी आत काचेच्या नळ्या हलवते आहे आणि बाहेर तुझा आवाज चालूच आहे. "बाबू, कोन्या गावचा? किती देवाचा?" येणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न. आपल्यात कुळाचे देव मोजतात, कुणाचे चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. जेवढे आपले तेवढेच समोरच्याचे निघाले तर भाऊबंद, वेगळे निघाले तर सोयरे. तिसरा प्रकारच नाही. मी तुला आत बोलावून म्हटलं होतं, "आई, हे शहर आहे. परक्या माणसाला असं विचारू नये." तू शांतपणे म्हणालीस, "परका कोनीच नसते वं. इचारलं नाई तोवर परका."

तर मी आमच्या दवाखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. वकिलांनी सहज विचारलं, "तुम्ही बाईंचे कोण?" तो छाती काढून म्हणाला, "भाऊ. हिच्या मायनंच सांगतलं. सख्खाच समजा." वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. मग मी दवाखान्याच्या वॉचमनला फोन केला. म्हटलं, हा सिरोंचाकडचा, घरी तेलुगू बोलतो, इथे देव मोजायचा प्रश्नच येत नाही. तो आला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "मी मामा लागतो, साहेब." तू त्याला विचारलं होतंस म्हणे, पाणी कोणत्या नदीचं पितोस. तो प्राणहिता म्हणाला. तू म्हणालीस, "मंग आमच्या नाल्याचं पानी तुमच्याच घरी जाते. माहेरचेच झाले न तुमी."

वकिलांनी फाईल मिटली. काका भिंतीला टेकून घड्याळ बघत होते. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाई, इतकी वर्षं इथे राहता आणि ओळखीतला एकही परका माणूस नाही?" आम्हा दोघांनाही हसू आलं, पण मला आतून भीतीही वाटत होती. ऑफिस बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता.

तेव्हा मला टेंभरंवाली आठवली. स्टेशनच्या पुलाखाली बसते. उन्हाळ्यात तेंदूची टेंभरं, पावसाळ्यात बांबूचे कोंब, थंडीत बोरं. तू गेल्यावर मी तिच्याकडून घ्यायला लागले, कारण तिच्या टोपलीला आपल्या घरासारखा वास येतो. इतक्या वर्षांत आम्ही "किती?" आणि "घे" यापलीकडे बोललो नाही. मी स्कूटी तिच्यापुढे थांबवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला अख्खं वाक्य म्हटलं. "बाई, मी घर घेते आहे, साक्षीदार म्हणून सही कराल का?"

ती घाबरली नाही. "सही येते मले. बचत गटात शिकली. आधार कार्ड बी हाये," म्हणून तिने कमरेची पिशवी चाचपली. "पन टोपली कुठी ठेवू?" टोपली मांडीवर घेऊन ती मागे बसली. वाटेत तिने माझं नाव विचारलं, मी तिचं विचारलं. तिने पुढचं विचारायला तोंड उघडलं तशी मी म्हटलं, "बाई, यापुढे काही विचारू नका. सही होईपर्यंत." ती म्हणाली, "काऊन? घर चोरून राह्यली का?"

ऑफिसात टोपली बाकावर ठेवली आणि पिकल्या टेंभरांचा वास खोलीभर झाला. नंबर यायला वेळ होता म्हणून काकांनी सगळ्यांना चहा मागवला. मग रजिस्ट्रार साहेबांनी बोलावलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"कोनी नाई. गिऱ्हाईक हाये माही."

"यांना ओळखता?"

"ओळखतो न. आठ-नऊ वर्सं झाले. दवाखान्यातली बाई हाये. भाव करत नाई, बोलत नाई. एक टेंभर हुंगते, मंग डोळे मिटते, मंग पिशवी उघडते. वाईट मानूस नाई. मुकी वाटली होती पह्यले."

साहेब हसले, वकीलही हसले. मी खाली बघत होते. मला वाटत होतं मला इथे कुणी ओळखत नाही. तिने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर लावत सही केली. अंगठे झाले, फोटो झाले. काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि तळहात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. काका म्हणाले, "नळ डावीकडे फिरवला की चालू होतो, उलटा आहे," आणि पिशवी उचलून दाराकडे वळले.

बाहेर कडुनिंबाखाली मी तिला विचारलं, "बाई, कोन्या गावच्या?" माझा आवाज तुझ्यासारखा निघाला. ती कमरेवर हात ठेवून हसली. "आता इचारते? कागद झाल्यावर?" माहेर तिचं भामरागडच्या रस्त्यावर. माहेरचे देव सहा. तुझ्या माहेरचेही सहाच होते. तिने क्षणभर विचार केला. "मंग मी तुई मावशी झाली वं. पह्यले काऊन नाई बोलली? इतके वर्सं भाचीपासून पैसे घेतले म्या." आणि उरलेली सगळी टेंभरं माझ्या डिकीत ओतली.

तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं कुणीतरी तुला वाचून दाखवायचं. हे वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून हे या वहीतच राहील. पण एक गोष्ट वकिलांना सांगितली नाही, ती तुला सांगते. सही व्हायच्या आधी चहा आला, तेव्हा मावशीने पिण्याआधी कप जरा वाकडा करून दोन थेंब जमिनीवर सोडले होते. तुझ्यासारखेच, आपल्या गेलेल्या माणसांसाठी, कुणाचं लक्ष नसताना. ही आपल्यातलीच, हे मला तेव्हाच कळलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

माझ्या क्वार्टरमध्ये तू चहा घेऊन बाहेर पायरीवर जायचीस. मी म्हणायचे, "आत सांड, मी पुसेन." तू म्हणायचीस, "सरकारच्या घरात आपले लोक येत नाई. बिचकतात."

आता नव्या घरात एकटीच आहे. सामान उद्या येईल. एक स्टोव्ह, एक पातेलं आणि एक कप एवढंच आणलं आहे. नळ डावीकडे फिरवला. चहा उकळला, कपात ओतला. मधल्या खोलीत, आतच, दोन थेंब जमिनीवर सोडले आणि उरलेला उभ्यानेच प्यायले.