हरभऱ्याला हिनाचा वास

तीर्थरूप आबासाहेब दाजी यांस वालूरहून गोविंदचा दंडवत. तुमचा गुडघा आणि ताईचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील असं धरून लिहितो. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

गुडघ्यामुळे तुमचं येणं झालं नाही, पण तुम्ही सुचवलेलं स्थळ आमच्या मधुवंतीला बघून गेलं. माणसं चांगली. (मुलाच्या वडिलांनी पोह्यांची दोनदा तारीफ केली आणि तिसऱ्यांदा घेतले.) रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांच्या मनगटाला हिनाचं अत्तर लावलं. मग त्यांना शेत बघायचं होतं, म्हणून घेऊन गेलो. घोटाळा इथं झाला. मधुवंतीचं विद्यापीठातलं संशोधन आपल्याच हरभऱ्यावर चाललंय. घाटेअळी चावली की झाडातली काही एन्झाइमं कामाला लागतात आणि एक वास तयार करतात. त्या वासावर बारीक गांधीलमाश्या येतात आणि अळीचा बंदोबस्त करतात. (आपल्याला कुणी त्रास दिला तर आपण पोलीस पाटलाकडे जातो, झाडाला जागचं हलता येत नाही, म्हणून ही सोय.) तो वास धरायला तिनं झाडांना पिशव्या बांधल्या होत्या. पाहुण्यांनी कौतुकानं एकेक पिशवी उघडून आत हात घातला. मी यजमान, अडवणार कसा?

परवा विद्यापीठातल्या यंत्रानं निकाल दिला. मधुवंती घरी येऊन म्हणाली, "बाबा, अळी न लागलेलं झाडबी हिनाचाच वास सोडायलंय." हंगामाचे नमुने वाया गेले. हरभरा हिरवा आहे तोवर पुन्हा घेतले तरच तिचा प्रबंध पुरा होईल. मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी मुलाकडून निरोप आला की मुलगी पसंत आहे, मात्र लग्नानंतर अळ्यांचं बंद. सुमंगलेनं आईच्या हौसेनं वाटायला साखर काढली. मधुवंती पिशव्या धुवायला बसली. बाकी सगळं ठीक.

तुमचा,
गोविंद

ता. क. रविवारी तुम्ही आमचा होकार न्यायला येणार आहात. होकार नाही. स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा नकारही तुम्हीच कळवा. पण या जरूर, आणि येताना तुमच्या ताडकळसच्या शेतातल्या घाटेअळ्या आणा, जिवंत. (वेगवेगळ्या डब्यांत. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात.) पाहुण्यांना शेत स्वच्छ दिसावं म्हणून आमच्याकडच्या अळ्या सुमंगलेनं वेचून कोंबड्यांना घातल्या.

ता. ता. क. पोरीचं वय चाललंय, असं ताई म्हणेल. तिला म्हणावं, पुढच्या वर्षी मधुवंती मधुवंतीच राहील, हरभऱ्याची मात्र डाळ झालेली असेल.