एक नंबरचा प्लग

कावेल, दक्षिण ऑस्ट्रेलिया
२ मार्च २०११

तीर्थरूप अ‍ॅव्हिस आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि रासबेरीचा जॅम, दोन्ही सुखरूप पोचलं. बरणी तू इतक्या मोज्यांत गुंडाळली होतीस की सोडवता सोडवता बाबांनी विचारलं, अ‍ॅव्हिसने जॅम पाठवलाय की तान्हं बाळ? मोजे त्यांनी लगेच ढापले.

फोनवर तुला ओरडून सांगण्यापेक्षा पत्र परवडलं. गेल्या खेपेला मी सांगितलं बाबा बरे आहेत आणि तुला ऐकू आलं बाबा वारले. तर आधीच लिहिते, बाबा ठणठणीत आहेत. आजारी आहे ती त्यांची उघड्या हौद्याची यूट.

झालं असं. बाबांनी हौसेने यूटचे सहाही प्लग स्वतः बदलले. गॅरेजवाल्याकडे जायचं नाही, हा तुमच्या पॅस्को घराण्याचा बाणा तुला माहीतच आहे. प्लग बदलून गाडी सुरू केली, तर इंजिन मिस मारायला लागलं. उभ्या जागी थरथरतं, चढावर धापा टाकतं आणि काचेखालचा पिवळा दिवा डोळे मिचकावतो. शेजारच्या ट्रेव्हरकडून कोड वाचायचं यंत्र आणलं. ते म्हणतं, एक नंबरचा सिलिंडर पेटत नाही. शिवाय त्याच बाजूच्या सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजनचा सेन्सर खराब, असाही एक कोड आहे.

बाबांनी एक नंबरचा प्लग पुन्हा नवा घातला. कोड तोच. मग वायर बदलली, मग प्लगला वीज पुरवणारी कॉइल, मग सेन्सर. कोड हटायचं नाव नाही. दर वेळी बाबा शपथेवर सांगतात की एक नंबरचं सगळं नवं आहे आणि दर वेळी यंत्र त्यांना खोटं पाडतं.

इथवर हसण्यावारी नेलं असतं गं. पण अ‍ॅडलेडहून डेल आला होता. तुझा भाचा कसा आहे तुला ठाऊक आहे, प्रेमळ आहे पण हातात कायम मोजपट्टी. त्याने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की बाबांनी काही बदललेलंच नाही, बदलल्याचं त्यांना फक्त वाटतंय. डोकं थकलंय म्हणाला. आता घर विकायचं आणि बाबांना त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात न्यायचं. मी खूप भांडले. तो गेल्यावर मात्र रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

तू आणि काकांनी आयुष्यभर गॅरेज चालवलंत. जरा सांग, कुठे चुकतंय? बाबांना मी तुला विचारल्याचं कळू देऊ नकोस, नाहीतर माझं काही खरं नाही.

आम्हा सगळ्यांवर तुझी माया आहे तशीच राहू दे. जॅमवर तर राहू देच.

तुझी,
रोवेना

---

पेंग्विन, टास्मानिया
९ मार्च २०११

चि. रोवेनास,
अनेक आशीर्वाद.

डेलला माझा निरोप दे, म्हणावं तू पाच वर्षांचा असताना बापाच्या ट्रॅक्टरच्या टाकीत लिंबू सरबत ओतलं होतंस, तेव्हा कुणी तुला आश्रमात टाकलं नव्हतं.

दादाची स्मरणशक्ती मी लहानपणापासून सोसते आहे. मी कोणत्या जत्रेत कोणत्या मुलाबरोबर लपून आईसक्रीम खाल्लं, हे त्याला अजून पाठ आहे आणि दर नाताळात तो ते सगळ्यांना ऐकवतो. असला माणूस प्लग बदलायचा विसरेल? छे! पण माझ्या म्हणण्याने काय होतंय, यंत्राला पटलं पाहिजे.

आता नीट वाच. सेन्सरच्या नादी आत्ता लागू नका. सिलिंडर पेटला नाही की त्यातली हवा तशीच नळीत जाते आणि तिथला सेन्सर बोंब मारतो. तो चहाडखोर आहे, खोटारडा नाही. सिलिंडर सुधारला की तो आपोआप गप्प बसेल. घरी दुरुस्ती करणारे सगळे इथेच फसतात. कोडमध्ये ज्याचं नाव आलं त्यालाच फासावर देतात.

तुम्ही एवढंच करा. एक नंबरचा प्लग काढून तीन नंबरला घाला आणि तीनचा एकला. मग पुन्हा कोड वाचा. यंत्र आता तीन म्हणालं, तर दोष प्लगचा. एकच म्हणत राहिलं, तर दोष दुसरीकडे आहे. हे तू स्वतः जवळ उभी राहून करून घे, म्हणजे बदललं की नाही हा वादच नको. आणि दादा सगळं कुठल्या पुस्तकात बघून करतो तेही कळव. त्याच्याजवळचं जुनं पुस्तक मीच नेलं होतं आणि आमच्या मांजरीने त्यावर पिल्लं घातली.

इथे थंडी पडायला लागली. माझ्या कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतंय, चर्चमध्ये लोक वळून बघतात. दादाला माझा नमस्कार आणि तुला पोटभर आशीर्वाद. विसरू नका म्हाताऱ्या आत्याला.

तुझी,
अ‍ॅव्हिस आत्या

---

कावेल
१७ मार्च २०११

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. मी शेजारी उभी होते, हातात टॉर्च. बाबांनी माझ्या डोळ्यांदेखत एक आणि तीनचे प्लग बदलले. यंत्र लावलं. एक नंबरच! मग म्हटलं प्लग नसेल तर कॉइल, तिचीही अदलाबदल केली. तरी एक नंबरच. ट्रेव्हर म्हणाला गाडीला भूत लागलंय, एखादा पाद्री बोलवा. कुणी हसलं नाही.

बाबा यंत्राकडे बघत राहिले. मग हात पुसले, बॉनेट बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले की डेलला फोन कर, त्याचं बरोबर असेल. आत्या, चिडले असते, पाना भिरकावला असता तर चाललं असतं. पण ते इतकं हळू बोलले की मला रडूच आलं. तेव्हापासून बोलिंग क्लबला गेलेले नाहीत. जेटीवर गळ टाकायला चला म्हटलं, तर म्हणाले परत यायचा रस्ता आठवला नाही म्हणजे? थट्टेत म्हणाले. मला ती थट्टा वाटली नाही.

डेलने पोर्ट लिंकनच्या डॉक्टरांकडे स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली आहे, एकोणतीस तारखेची. घर बघायला दलालही येऊन गेला. डेलने मला विचारलं, तुला काय वाटतं? आणि मी म्हटलं, ने त्यांना. पण मी जवळ उभी होते ना गं. त्यांनी बदलले ते मी पाहिलं आणि तरी यंत्र तेच म्हणतंय, म्हणजे मधे बाबाच कुठेतरी काहीतरी उलटं करत असणार, असंच मला वाटलं.

पुस्तकाचं विचारलं होतंस. पुस्तक नाही, कागद आहेत. इंजिन मूळचं अमेरिकन, म्हणून वाचनालयातल्या बाईंनी अमेरिकेतल्या कुठल्याशा वेबसाइटवरून छापून दिले. त्यात स्वच्छ लिहिलंय, एक नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा सिलिंडर. मी स्वतः वाचलं. बाबांनी ड्रायव्हरच्याच बाजूचा पुढचा काढला. त्यात चूक काहीच नाही.

लवकर लिही. या वेळी माया नुसती राहू देऊ नकोस, थोडी जास्त पाठव.

तुझी,
रोवेना

---

पेंग्विन
२२ मार्च २०११

चि. रोवेना,

आशीर्वाद नंतर, आधी हे वाच. पत्र जलद टपालाने टाकतेय, पोस्टातला पोरगा माझ्याकडे बघून घाबरलाय.

अगं वेडे, अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो!

ते कागद ज्याने लिहिले त्याची ड्रायव्हरची बाजू म्हणजे तुमची शेजारच्या माणसाची बाजू. या इंजिनात डावीकडे एक-तीन-पाच आणि उजवीकडे दोन-चार-सहा असतात, म्हणजे दादा गेले कितीतरी दिवस दोन नंबरच्या सिलिंडरला नवेनवे दागिने घालतोय. तुम्ही दोघांनी अदलाबदल केलीत ती दोन आणि चारची, दोघेही धडधाकट, मग यंत्र दुसरं काय सांगणार? खऱ्या एक नंबरला पहिल्या दिवसानंतर कुणी हातच लावलेला नाही. सेन्सरही नक्की पलीकडचाच बदलला असणार. दादाला काहीही झालेलं नाही. त्याने सांगितलं ते सगळं खरं होतं. जे बदललं म्हणाला ते बदललं होतं.

आता ताबडतोब डावीकडचा, म्हणजे आपल्याकडे शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचा, सगळ्यात पुढचा प्लग काढ. त्याची पांढरी चिनी माती उजेडात धरून बघ. पाना तिरका बसला की तिला केसाएवढी चीर जाते आणि ठिणगी तिथूनच पळते. चीर असणारच. नसली तर मी पेंग्विनच्या किनाऱ्यावर गाऊन घालून नाचेन.

मलाही हे आधी सुचायला हवं होतं, पण कान गेले तसं डोकंही थोडं गेलं असेल. डेलला सांग, वृद्धाश्रमातली ती खोली माझ्यासाठी बघ.

दादाला उद्याच सांग. आजच सांग. जपून राहा.

तुझी,
आत्या

---

कावेल
३ एप्रिल २०११

चि. अ‍ॅव्हिस हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाचणं हुकलं. चीर होती.

रोवेना तुझं पत्र हातात घेऊन कोठारापर्यंत धावत आली, चपलाही घातल्या नव्हत्या. तिने पत्रच माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. नवा प्लग घातला, किल्ली फिरवली. नुकतंच तेल घातलेल्या घड्याळासारखी यूट चालायला लागली बघ. पिवळा दिवाही विझला. चहाडखोराने तोंड मिटलं. तू माझ्यामागे माझ्या मुलीला पत्रं लिहितेस हे मला पहिल्याच पत्रापासून माहीत होतं. पोस्टमन माझ्याच हातात देतो ना ती.

डॉक्टरांकडे तरी गेलोच. वेळ घेतली होती आणि डेल अ‍ॅडलेडहून आला होता. यूट मीच चालवली, तो शेजारी बसला, रोवेना तिच्या गाडीने मागून आली. डॉक्टरीणबाई तरुण आणि गोड होत्या. घड्याळ काढायला लावलं, शब्द पाठ करायला लावले, पंतप्रधान कोण ते विचारलं. ते मात्र नाइलाजाने सांगावं लागलं. म्हणाल्या, वयाच्या मानाने उत्तम आहे, किल्ली ह्यांच्याकडेच असू द्या. बाहेर येऊन मीच डेलला खिमा-बटाट्याची पेस्टी खाऊ घातली. दलालाला त्याने तिथूनच नकार कळवला.

आता तुला एक सांगतो, ते माझ्यासारखं नाताळात कुणाला सांगू नकोस. ते दिवस मला फार वाईट गेले गं. अंड्यावर मीठ घालायचं राहिलं तरी वाटायचं, झाली सुरुवात. कुत्र्याला हाक मारताना नाव आधी मनात म्हणून बघायचो. तुझ्या वहिनीच्या थडग्यावर जाऊन मी सांगूनही आलो होतो की आता मला इथे रोज येता येणार नाही. मुलांनी सांगितलं म्हणून नाही. यंत्र एवढ्या खात्रीने सांगतंय तर माझंच चुकत असेल, असं मला वाटायला लागलं होतं.

परतताना मी रोवेनाच्या गाडीत बसलो, यूट डेलला दिली. मग ती म्हणाली, बाबा, मी डेलला हो म्हटलं होतं. तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत? मी तिला सांगितलं, रागावलो असतो बाई, पण मत घेतलं असतंस तर मीही तुमच्याच बाजूने दिलं असतं.

तर असं आहे. ईस्टरला ये, मोजे परत हवे असतील तर लवकर ये. तोवर या दादाला मनात धरून ठेव.

तुझा,
लेस्टर