यादीतला शेवटचा नंबर

मंगळवार, दिवेलागण

प्रोग्राम लिहायच्या एडिटरच्या खालच्या कोपऱ्यात 'सीआरएलएफ' लिहिलेलं असतं, ओळ संपवायची विंडोजची खूण; ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. सेटिंगमध्ये जाऊन ते कायमचं 'एलएफ', म्हणजे लिनक्सला चालणारं, करून टाकलं. आता प्रत्येक फाइल तशीच सेव्ह होईल. काय उपयोग?

वादळाचा इशारा बोटवाल्यांच्या फोनवर पाठवणारा प्रोग्राम मीच मच्छीमार सोसायटीला करून दिला. रविवारी नंबरांची यादी बोईसरला, ऑफिसातल्या विंडोजवर दुरुस्त केली. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह चिकटलं, आणि सोसायटीच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरने ते सगळे नंबर चुकीचे धरले. शेवटची ओळ तेवढी वाचली, कारण तिच्यानंतर मी एंटर मारलं नव्हतं. तो नंबर माझा, तपासणीसाठी ठेवलेला. काल पहाटे, बोटी सुटायच्या आधी, माझा फोन वाजला. वाटलं, इशारा सगळ्यांना गेला.

एकदा त्या कोपऱ्याकडे बघायला काय झालं होतं मला?

बाकीच्या बोटी आभाळ बघून परतल्या. शेजारच्या नारायणकाकांची अजून नाही.

मघाशी काकी बंदरावर भेटली. "तुला आलता ना इशारा? मग आमच्या फोनवर का नाय आला रे?"

"नेटवर्क नसेल," म्हणालो.

तिला ते लगेच पटलं.