खालच्या वस्तीला मायग्रेन नाही

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढायचं ठरवलं आहे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आरोग्य कार्यालयाच्या आकड्यांनुसार वरच्या कॉलनीत शंभरात चौदा जणांना मायग्रेन आहे आणि खालच्या वस्तीत एकालाही नाही. हे असं का, ते शोधून महिनाअखेरच्या बैठकीत सांगायचं. वीस मिनिटं, प्रोजेक्टरसकट. सांख्यिकी विभागात सात माणसं असताना मलाच का निवडलं, हे उघड आहे. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, बाकीच्यांनी नाही म्हटलं म्हणून. जळतात लेकाचे.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

४ मार्च, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. हिने उठवलंच नाही. डोकं धरलं होतं म्हणे. हिचं डोकं नेमकं माझ्या महत्त्वाच्या दिवशी धरतं. डब्याशिवाय ऑफिस.

४ मार्च, संध्याकाळी
थिअरी सापडली! एका दिवसात! मायग्रेन हा विचार करणाऱ्यांचा आजार आहे. वरच्या कॉलनीत वकील, प्राध्यापक, आर्किटेक्ट. मेंदू दिवसभर चालू, तापणारच. खालच्या वस्तीत सगळे लाँड्रीवाले. वाफ, साबण, इस्त्री. अंग थकतं, डोकं मात्र ताजंतवानं.

हिला ऐकवलं. हिचं माहेर खालच्या वस्तीतलंच, त्यामुळे दाद मिळेल असं वाटलं होतं. ताजंतवानं का, एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करून खाली बसली. वीजबचत चांगलीच, पण आधी मला वाढायचं होतं.

९ मार्च
दोन दिवस माझंच कपाळ जड आहे. मनातून बरं वाटलं. लक्षणं सुरू झाली म्हणायची! शेवटी मीही विचार करणारा माणूस.

निदान आणि निरीक्षण, दोन्ही कामं एकदम उरकावीत म्हणून कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये गेलो. मंद दिवे, हलकं संगीत, पाण्याचा ग्लास. डॉक्टरांनी अर्धा तास प्रश्न विचारले. कुठे दुखतं, किती वेळ, घरात आणखी कोणाला. शेवटी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

या माणसाचं निदान इतकं कच्चं असेल असं वाटलं नव्हतं.

१० मार्च
आज खालच्या वस्तीतला सरकारी दवाखाना पाहिला. काय स्पीड! खिडकीपाशी माणूस येतो, डोकं म्हणतो, आणि पुढे दुखतं म्हणायच्या आत दोन पांढऱ्या गोळ्या त्याच्या हातात असतात. डॉक्टरांना मान वर करावी लागत नाही. कम्पाउंडर म्हणाला, सकाळी दोनशे माणसं असतात, विचारत बसलो तर संध्याकाळ होईल.

याला म्हणतात सेवा. कॉलनीत नुसत्या चौकशा करून आजार उकरून काढतात. हा मुद्दा स्लाइडवर घेणे.

पहाटेचा अभ्यास सोमवारपासून.

१६ मार्च
सर्वेक्षण फत्ते!

मेहुणा वाट दाखवायला सोबत होता. तो लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर असतो, मुद्दाम सुट्टी टाकून आला. मी त्याला चहा पाजणार होतो, पण त्यानेच पाजला.

प्रश्न एकच ठेवला. तुम्हाला मायग्रेन आहे का? सुटसुटीत. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचं उत्तर नाही. एका बाईने विचारलं, ते काय असतं? मी म्हटलं, असतं तर तुम्हाला माहीत असतं. मेहुणा मध्ये काहीतरी बोलायला लागला, त्याला सांगितलं की शास्त्रात मध्ये बोलायचं नसतं.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. खिडकीला चादर लावलेली, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं. त्यांनाही विचारलं. सर्वेक्षणात नातंगोतं बघायचं नसतं. म्हणाल्या, नाही हो जावईबापू, मला कसला आलाय आजार, नुसतं डोकं फुटतंय. नोंद: नाही.

एक गंमत झाली. हिने आणायला सांगितलेलं डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या खिशात होतं. सासूबाईंना एक गोळी दिली, ती शेजारणीने पाहिली. बघता बघता दाराशी रांग. इस्त्रीवाले, धुणाऱ्या बाया, एक म्हातारा वॉचमन. पाकीट रिकामं झालं तरी माणसं हलेनात. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! निष्कर्ष: मायग्रेन शून्य, फुकटेपणा भरपूर.

घरी आल्यावर हिने गोळ्या मागितल्या. म्हटलं, समाजकार्यात गेल्या. मग तिला दोनदा ओकारी झाली. बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार. विचारलं तर म्हणाली, सकाळपासून काही खाल्लंच नाही. मग पित्त.

२२ मार्च
भाषणाची तालीम. एक श्रोता हवा म्हणून हिला बोलावलं, तर ही पडदे ओढून, डोक्यावर उशी घेऊन पडलेली. मी दारातूनच सुरुवात केली. आवाज जरा कमी करा म्हणाली. कमी केला. आणखी कमी करा म्हणाली. तेवढ्या आवाजात बोलायचं तर माणसाने चिठ्ठ्या लिहाव्यात. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं.

मुद्दा क्रमांक चार (कष्टकरी माणसाला वेदना कमी कळतात) फार जमून आला आहे. तो म्हणताना टेबलावर मूठ आपटायची.

आपटून पाहिली. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. दाद समजून पुढे गेलो.

२९ मार्च
बैठक. खूप हशा मिळाला. सविस्तर लिहितो.

पाहुण्या म्हणून मेंदूरोगाच्या एक नामांकित डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझं भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मुठीला किंचित दचकल्या. मग विचारलं, तुम्ही या लोकांना त्रास विचारलात की त्रासाचं नाव? मी म्हटलं, अर्थातच नाव, शास्त्रात नावाला महत्त्व असतं. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता, पण मिळालेला हशा परत कशाला करा.

त्यांनी पुन्हा विचारलं, ज्याचं निदान कोणी केलंच नाही, तो मला आहे असं म्हणेल कसा? मी म्हटलं, निदान नाही म्हणजे आजार नाही. नाहीतर आमच्या खात्याने काय करायचं? यावर तर मागच्या रांगेतले लोक टेबलं बडवायला लागले. साहेब तेवढे हसले नाहीत. ते टेबलाखाली काहीतरी शोधत होते, बराच वेळ.

मग बाई म्हणाल्या, आजार दोन्हीकडे तेवढाच असणार, विचारणारं माणूस एकीकडेच आहे. माझ्या चार क्रमांकाच्या मुद्द्याला त्या अडाणीपणा म्हणाल्या. मोठ्या लोकांना थोडी असूया वाटतेच. साहेबांनी सर्वेक्षण पुन्हा करायला सांगितलं, या वेळी बाईंचे प्रश्न घेऊन. म्हणजे काम इतकं आवडलं की दुसऱ्यांदा दिलं!

प्रश्न उतरवून घेतले. डोक्याच्या एका बाजूला ठणके, उजेड नको, आवाज नको, वास नको, ओकारी, अंधारात पडून राहणं. ओळखीचं वाटतं. कुठेतरी वाचलं असावं.

३१ मार्च, दुपारी
वस्तीत जाण्याआधी घरी एक ट्रायल घ्यायची ठरवली. त्यासाठी निरोगी माणूस हवा. म्हणून ही.

खोलीत अंधार होता, बॅटरी घेऊन बसलो. एका बाजूला ठणकतं का? हो. उजेडाचा त्रास होतो का? म्हणाली, दार लोटून घ्या. म्हटलं, हो की नाही तेवढंच सांग. हो. आवाजाचा? हळू विचारा. वासाचा? तळणीचा. ओकारी? हो. कामं टाकून अंधारात पडून राहावं लागतं का?

ती म्हणाली, अहो, मी आत्ता कुठे आहे?

बघितलं. माझ्या बॅटरीचा झोत सरळ तिच्या तोंडावर होता आणि तिने हाताने डोळे झाकले होते. बॅटरी बंद केली. पुढचं लिहिता आलं नाही, कारण दिसत नव्हतं.

कधीपासून, ते अंधारातच विचारलं. लग्नाआधीपासून. मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाली, दर वेळी सांगितलं. तुम्ही म्हणायचात, डोकं आहे म्हणून दुखतं.

असं मी म्हणत असेन असं वाटत नाही. म्हणालो असलो तरी चेष्टेने.

३१ मार्च, संध्याकाळी
वस्तीत गेलो नाही. दार आवाज न करता लोटून बाहेर बसलो. कडी वाजते आपली. कधी लक्षात आलं नव्हतं.

५ एप्रिल
हिला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी मला ओळखलं. मी बैठकीतल्या हशाची आठवण काढली, त्यांनी काढली नाही.

हिला त्यांनी सावकाश सगळं विचारलं. मी मध्ये मध्ये उत्तरं देत होतो, तीन चुकल्यावर मला गप्प बसायला सांगितलं. मग बाई म्हणाल्या, मायग्रेन आहे. यावर औषध आहे. कधीच सुरू करायला हवं होतं.

ही रडायला लागली. मी म्हटलं, अगं, घाबरण्यासारखं काही नाही. म्हणाली, घाबरून नाही. मला वाटायचं मीच कामचुकार आहे. आईलाही सगळे नाटकी म्हणायचे, तिलाही इथे आणायचं आहे.

मी रुमाल शोधत होतो, तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. हिचं डोकं दुखायचं तेव्हा तुम्ही काय करायचात?

म्हटलं, रेडिओ लावायचो. तिचं मन रमावं म्हणून.

मोठ्याने?

आतल्या खोलीत ऐकू जायला हवा ना, म्हटलं. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मला लाज वाटली, सरळ लाज, कारणं न सुचणारी.

ही डोळे पुसत घाईघाईने म्हणाली, गाणी चांगली असायची हो.