भिवाची शुद्ध

६ मार्च १८९४
भिवाला मी ढकललं. मीच! इथे लिहितो, तोंडातून निघत नाही.

मिठागराच्या बांधावर भांडण झालं. धाकटा भाऊ तो, म्हणतो, मीठ वाहून पाठ गेली, कल्याणला रेल्वेत लागतो. मी म्हटलं, बापाचं आगर कोण बघेल? त्याने माझा हात झटकला. मी दोन्ही हातांनी ढकललं — मागे दगड होता.

भरती होती म्हणून होडी लगेच निघाली. कोपरहून ठाण्याच्या दवाखान्यात आणलं. वाटेत एकदाही डोळा उघडला नाही.

७ मार्च
डॉक्टर प्रभाकरराव म्हणाले, कवटीचं हाड आत दबलंय, भोक पाडून उचलावं लागेल. डोक्याला भोक! क्लोरोफॉर्म हुंगवून आत नेलं.

त्याची बायको तुळसा दाराशी बसून. "भावोजी, कसं झालं वो?"
"मी बघितलं नाही," म्हटलं.

८ मार्च
जगला! पण कण्हणं ऐकवत नाही. टाक्यांवर आग पडल्यासारखं करतो, उशी दातात धरतो. मी डॉक्टरांचे पाय धरले — अफूचं औषध द्या!

"अफूने झापड येईल. ती अफूची की आत रक्त साचल्याची, हे मला कळायचं कसं? त्याला जागा ठेवायचाय. बोलता ठेवायचाय."

बोलता!

अफू मी कोणासाठी मागत होतो?

त्याच दिवशी, दुपारी
नवीन औषध निघालंय, कोकेन. डोक्याच्या कातडीला जाणाऱ्या नसा जिथून वर चढतात तिथे — भुवईवर, कानामागे, मानेवर — डॉक्टर बारीक सुईने टोचत गेले. "कातडी बधिर होईल, माणूस नाही."

डोकं मी धरलं होतं. भिवाने माझं मनगट आवळलेलं. हळूहळू पकड सुटली. मला वाटलं, गेला!

डॉक्टरांनी जखमेच्या कडेला चिमटा घेतला. "दुखतं?"
"न्हाय."

आणि डोळे उघडले. स्वच्छ. सरळ माझ्याकडे.

"तुम्ही भाऊ ना? प्रश्न विचारत राहा," डॉक्टर म्हणाले. "उत्तर चुकलं की मला हाक मारा."

विचारलं. बायकोचं नाव? आईचं माहेर? होडी कोणाची? सगळं बरोबर. एक सोडून सगळं विचारलं.

९ मार्च
तासाभरात औषध उतरतं. मग पुन्हा कण्हणं, पुन्हा सुई. जास्त दिलं तर छातीवर येतं म्हणतात, म्हणून मोजूनमापून. सुई लागली, तो शुद्धीत आला, की मला बाहेर पळावंसं वाटतं. तो ओरडतो तेव्हा मी जवळ बसतो. असला भाऊ!

१० मार्च
गावचे पोलिसपाटील काळुराम उद्या जबानी घ्यायला येणार. तुळसाने भाकरी पुढे केली, तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

११ मार्च
सुई दिल्यावर पाटील आत आले. "कसा परलास रे?"
भिवा म्हणाला, "पाय घसरला."

त्याला आठवतच नाही. सुटलो! देवा, सुटलो!

पाटील माझी जबानी घ्यायला वळले, तेवढ्यात भिवाने माझी बाही ओढली. कानात म्हणाला —
"दादा, तू पन तसाच सांग."