दोरी ओढणाऱ्याचे आभार

४ फेब्रुवारी, मंगळवार

नेमकी आजच ओढली!

नव्या गाडीच्या सीटांचं काम आपल्याला द्यायचं की नाही, ते ठरवायला गिऱ्हाइकाची माणसं आली होती. इनागाकीसान, आमचे कारखानाप्रमुख, त्यांना रिकामं गोदाम दाखवत होते. "पूर्वी इथं छतापर्यंत सदोष सीटा पडून असायच्या. आता काही चुकलं की कामगार डोक्यावरची दोरी ओढतो, जुळणीची अख्खी रांग थांबते, चूक जागेवरच दुरुस्त होते. साठा नाही, परत आलेला माल नाही." तेवढ्यात माझ्या रांगेवर कुवाबारासाननी दोरी ओढली. बोल्ट तिरका बसला होता.

पाहुणे उलट खूश झाले. मलाच कमीपणा वाटला. रांगप्रमुखानं धावत जायचं, आधी आभार मानायचे, मगच कारण विचारायचं. हे मी नवी असताना मला कुवाबारासाननीच शिकवलं. मी आभार मानले, वाकलेही. आणि हळूच म्हटलं, "आजच सुचलं का हो?"

ते पुढच्या बोल्टकडे वळले. शेजारी काम करणाऱ्या मियोशीनं ऐकलं.

५ फेब्रुवारी

दिवसभर रांग थांबली नाही. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काम आपल्याला मिळालं. सकाळच्या कवायतीनंतर इनागाकीसाननी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं – "त्सुझुकीसानची रांग हल्ली थांबतच नाही." टाळ्या. रांग थांबत नाही म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय, हे इथं झाडूवाल्यालाही कळतं. मला कळलं नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? पण टाळ्या गोड लागल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत हातमोजे आणायला परत गेले. दिवे बंद. कुवाबारासान आणि मियोशी सीटा उलट्या करून तिरके बोल्ट काढत होते, पुन्हा बसवत होते. डबे बाजूला, न उघडलेले.

मियोशी ओशाळली. "तुम्हाला त्रास नको, म्हणून दोरी ओढायची नाही असं आम्हीच ठरवलं. त्या दिवशी तुमचा चेहरा बघवला नाही."

"आणि म्हाताऱ्याला तशीही भूक कमीच," कुवाबारासान हसले.

मला सांभाळून घेत होते, उपाशी राहून. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. 'दोरी ओढा' एवढंसुद्धा मला म्हणवलं नाही. "लवकर जेवून घ्या" एवढंच मी म्हणाले आणि निघून आले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक सीट नजरेतून निसटली. गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर कुवाबारासानच्या जागेवरचा बोल्ट तिरका, सैल सापडला. तशीच गाडीत बसवली असती तर – नको, लिहवत नाही.

इनागाकीसाननी मला आणि कुवाबारासानना बोलावलं. "बोल्ट तिरका दिसला, तर दोरी का नाही ओढली?"

"वय झालं," कुवाबारासान म्हणाले. "हात पोचला नाही."

साठीनंतर त्यांना एकेका वर्षाच्या बोलीवर ठेवतात. यंदाची बोली मार्चअखेर संपते. "मग आता विश्रांतीच घ्या," इनागाकीसान म्हणाले. मी शेजारीच उभी होते. गप्प.

बाहेर आल्यावर कुवाबारासाननी नाणी टाकायच्या यंत्रातून कॉफीचा गरम डबा काढून माझ्या हातात दिला. "गारठलात हो." लाज वाटली. इतकी, की वर बघवेना. तरी प्यायले मी ती कॉफी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

इनागाकीसान फेरीवर आले तेव्हा मी दोरी ओढली. रांग थांबली. धावत यायचं ते मीच, म्हणून कुणी हलेना. शेवटी कुवाबारासान आले, वाकले. "आभारी आहे. काय बिघडलंय?"

"मी," म्हटलं. आणि पाहुण्यांच्या दिवसापासूनचं सगळं सगळ्यांसमोर सांगितलं.

इनागाकीसाननी सगळं ऐकून घेतलं. मग कुवाबारासानना म्हणाले, "विश्रांतीचं राहू द्या." माझं काय ते उद्या ठरेल.

रांग सुरू झाली. थोड्याच वेळात मियोशीनं थांबवली. मी धावत गेले.