पडद्यावरचं दुसरं नाव

कर्वेनगर, पुणे
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

चि. श्रद्धा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. माझी तब्येत गुडघा सोडून उत्तम आहे, आणि गुडघ्याची चौकशी कुणी करू नये असं माझं मत आहे. तुझं वारज्याचं घर लागलं का? पाणी रोज येतं ना? अमरावतीला तुझे आईबाबा बरे असतील.

नावाआधी ‘सौ.’ लिहावं की नाही हे ठरेना, म्हणून गाळलं. चिरंजीव मात्र कुणालाही म्हणता येतं, त्याला कोर्टाची हरकत नसावी.

फोनच करणार होतो. पण फोन वाजला की उचलायचा की नाही हे माणसाला तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि तुझ्यावर ती वेळ आणायची नव्हती. पत्र बरं. नकोसं वाटलं तर न फोडता ठेवून देता येतं. फक्त कर्वेनगरहून वारज्याला पत्र पोचायला लागतो तेवढ्या वेळात माणूस काशीला जाऊन येतो, तेव्हा तू हे वाचशील तोवर इकडची परिस्थिती बदललेली असू शकते.

कारण असं की आपला संगणक मला आत घेत नाही.

दसऱ्याला त्याची पूजा केली. दुसऱ्या दिवशी सुरू केला. नेहमीसारखी पडद्यावर दोन नावं आली, दिगंबर आणि श्रद्धा. मी माझ्या नावावर टिचकी मारली, पासवर्ड दिला, तर म्हणे चुकीचा आहे. पुन्हा दिला. पुन्हा चुकीचा. सावकाश, एकेक कळ बघून दिला. तरी तेच. मग त्यानं मला उत्तर देणंच बंद केलं आणि थोड्या वेळानं प्रयत्न करा असं सुचवलं. बँकेतल्या माणसांनीसुद्धा मला इतक्या शांतपणे कधी हाकललं नव्हतं.

पासवर्ड बदललेला नाही. कुठे लिहून ठेवलेला नाही. कुणाला सांगितलेला नाही, तुलाही नाही; तसं तूच बजावलं होतंस. आता राहिली एकच शक्यता, की मी तो विसरलो आणि विसरलो हेही मला कळत नाहीये. श्रद्धा, तुला म्हणून सांगतो, या विचारानं मी दोन दिवस नीट जेवलो नाही. रस्त्यानं जाताना ओळखीच्या लोकांची नावं मनात म्हणून पाहत होतो.

चौकातल्या दुकानातून अनिरुद्ध नावाच्या तंत्रज्ञाला बोलावलं. संगणक विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो म्हटल्यावर त्यानं असं तोंड केलं, जसं काही मी घरात हत्ती पाळलाय. म्हणाला, “काका, तुम्ही विसरलात. सगळं उडवून विंडोज टाकून देतो, एकदम कोरं.” मी म्हटलं, आतलं जायला नको आहे. तेव्हा म्हणाला, “आणि हे दुसरं नाव कुणाचंय? वापरात नसेल तर काढून टाकू.”

मी म्हटलं, सुनेचं आहे, असू दे. आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं.

आत काय आहे ते तुला माहीत आहे. आपण माईकपुढे बसून ध्वनिमुद्रित केलेली सगळी वाचनं. दीपालीची परीक्षा डिसेंबरात आहे आणि तिला करार कायद्याचं उरलेलं पुस्तक हवंय. डोळ्यांनी दिसत नसताना ही मुलगी वकील व्हायला निघाली आहे, आणि तिचं पुस्तक माझ्या खोलीत कुलूपबंद पडलंय. वाचनाचं काम तसं छान चाललं होतं. तू गेल्यावरही मी खंड पडू दिला नाही. आता या अडथळ्यामुळे अडलंय, इतकंच.

तेव्हा काही सुचत असेल तर दोन ओळी लिही. घाई नाही. म्हणजे दीपालीला आहे, मला नाही.

आमोदनं हैदराबादहून फोनवर काही उपाय सांगितले होते. ते मला समजले नाहीत.

पोटाला वेळेवर खात जा.

दिगंबर


वारजे, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. न फोडता ठेवणार वगैरे नव्हते मी. पाणी येतं, घर लागलंय, आई-बाबा मजेत.

तुम्ही विसरला नाही आहात. हे आधी सांगते, बाकीचं नंतर. जो माणूस मला पुस्तकाचं पान नंबरासकट सांगतो तो पासवर्ड विसरत नसतो. प्लीज जेवा.

आता हे करून बघा. कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा चालू नाही ना, ते आधी पाहा. मग पडद्यावर आपल्या दोघांच्या नावांच्या खाली बारीक अक्षरात ‘यादीत नाही?’ असं काहीतरी आहे, त्यावर क्लिक करा. एक रिकामी चौकट येईल. ती नाव लिहायची चौकट आहे, त्यामुळे तिथे टाइप केलेलं दिसतं, पासवर्डसारखे नुसते ठिपके येत नाहीत. खोलीत कुणी नाही बघून तुमचा पासवर्ड तिथे टाइप करा. एंटर दाबू नका, फक्त वाचा. तुम्ही काय दाबता आणि मशीनला काय पोचतं हे दोन्ही सारखं आहे का ते कळेल. मला वाटतं प्रॉब्लेम तुमच्या डोक्यात नाही, कीबोर्डमध्ये आहे.

एक विचारू? दसऱ्याची पूजा कशी केलीत?

हे करूनही जमलं नाही तर सोबतच्या बंद पाकिटात माझा पासवर्ड आहे. ॲडमिन मीच आहे, त्यामुळे माझ्या नावानं आत जाऊन तुमचा पासवर्ड नवा करता येईल. आत गेलात की सेटिंगमध्ये युजर्स म्हणून आहे, तिथून स्वतःला ॲडमिन करा आणि मग माझं अकाउंट डिलीट करा. खरंतर हे मी जाताना करायला हवं होतं. डिसेंबरमध्ये कोर्टाची तारीख आहे. तोपर्यंत सगळ्या गोष्टी क्लिअर झालेल्या बऱ्या. तुम्हालाही पुढे कुणी विचारलं, हे कुणाचं नाव, तर उगाच अवघड नको.

दीपालीनं मला जुलैमध्ये फोन केला होता. तुमचं मशीन बिघडलंय म्हणून वाचन बंद आहे असं म्हणाली. मी काही बोलले नाही तिला.

काळजी घ्या. गुडघ्याची चौकशी करत नाही.

श्रद्धा


कर्वेनगर, पुणे
गुरुवार, १६ ऑक्टोबर

चि. श्रद्धा हिस अनेक आशीर्वाद.

संगणक उघडला.

तू सांगितलंस तसं केलं. रिकाम्या चौकटीत पासवर्ड टाइप केला आणि चष्मा लावून वाचला, तर त्यातलं एक अक्षर उमटलेलंच नव्हतं. मी कळ दाबत होतो, बोटाला दाबल्यासारखी वाटत होती, पडद्यावर ठिपके येत होते, आणि ते कोण मोजतं! एक ठिपका रोज कमी पडत होता. जन्मभर तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत पोरांना ओरडत आलो की आकडा चुकीचा आला तर आधी वायर तपासा, मग गणिताला नावं ठेवा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी वायर न तपासता थेट माझ्या मेंदूला नावं ठेवून मोकळा झालो.

कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला. अक्षता पडल्या. झेंडूच्या पाकळ्या पडल्या. आणि त्या एका कळेखाली ओलं कुंकू वाळून अक्षतेचा दाणा असा घट्ट बसला होता की नेलकटरच्या टोकानं काढावा लागला.

पूजा कशी केली म्हणून विचारतेस ना? अशी केली. कुंकू पाण्यात कालवलं, कीबोर्डला बोटांनी चांगलं ठसठशीत गंध लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि हार घातला. मागे तू करायचीस तेव्हा मी हात जोडून शेजारीच उभा असायचो. तू कीबोर्डवर आधी स्वच्छ रुमाल पसरायचीस आणि कुंकवाचं बोट फक्त खालच्या डब्याला लावायचीस. मी इतकी वर्षं समजत होतो की तो रुमाल म्हणजे तुमच्या अमरावतीकडची काही पद्धत असेल. या वर्षी वाटलं, आपण एकटेच आहोत तर निदान पूजेत कमी पडायला नको. म्हणून जरा जास्तच केली.

आता दीपालीचं. तुला ते जुलैपासून माहीत होतं आणि तू मला इतक्या हळू हातानं सांगितलंस, त्याबद्दल काय म्हणू? हो, खंड पडला होता. खंड कसला, तू गेल्यानंतर मी एक पानही वाचलं नाही. मशीन बिघडलंय असं त्या मुलीला सांगितलं तेव्हा मशीन ठणठणीत होतं. पुढे ते खरंच बिघडलं तेव्हा मला वाटलं, बरी शिक्षा झाली.

माईकपुढे बसायचो गं. पुस्तक उघडायचो. पण शेजारच्या खुर्चीत कानाला हेडफोन लावून बसलेलं कुणी नाही, मी शब्द खाल्ला तर बोट वर करणारं कुणी नाही, चुकलं की “बाबा, परत” म्हणणारं कुणी नाही. समोरच्या भिंतीला करार कायदा किती वेळ समजावणार? आवाजच निघायचा नाही. संसार अर्ध्यावर टाकून नीरजा गेली तेव्हासुद्धा तू मला असंच पुस्तक हातात देऊन माईकपुढे बसवलं होतंस, आणि म्हणून मी सावरलो. या वेळी तूच नव्हतीस.

मला तुझी आठवण येते. रोज येते. हे पहिल्या पत्रात लिहायचं होतं, त्याऐवजी मी तुला पाणी येतं का विचारलं.

आणि तू मला काका म्हणालीस. चुकलीस असं मी म्हणत नाही. कागदोपत्री तेच बरोबर होऊ घातलंय. पण ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. तुमच्या दोघांत काय झालं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. आमोद माझा मुलगा आहे, तो वाईट नाही. तूही वाईट नाहीस. दोन चांगली माणसं एका घरात नांदू शकली नाहीत, असं होतं कधीकधी. पण त्या कोर्टात मला कुणी बोलावलेलं नाही. माझी सही कुणी मागितलेली नाही. मग माझं आणि तुझं नातं कुणी कसं मोडलं?

आता जे झालं ते सरळ सांगतो. काल संगणक सुरू झाल्याचं मी आमोदला फोनवर सांगितलं. तो खूश झाला. मग म्हणाला, “बाबा, आता तिचं अकाउंट पण काढून टाका. मी पाडव्याला येईन तेव्हा परत ते नाव बघायला नको.” त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, म्हणून मला नाही म्हणवेना. त्यानं फोनवरून एकेक पायरी सांगितली. सेटिंग. युजर्स. तुझं नाव. मी गेलो तिथपर्यंत. तुझ्या नावावर टिचकी मारली आणि काढून टाकायचं बटण दाबलं. खोटं बोलणार नाही, दाबलं.

तेव्हा पडद्यावर नवी चौकट आली. हे करायचं असेल तर ॲडमिनचा पासवर्ड द्या म्हणाली. आणि ॲडमिन म्हणून नाव होतं तुझंच.

म्हणजे या मशीनला माणसांपेक्षा जास्त कळतं. तुला काढायचं तर आधी तुझी परवानगी आणा म्हणतंय. मला इतकं हसू आलं की आमोद फोनवर विचारायला लागला, बाबा, काय झालं? आणि हसता हसता रडूही आलं, ते त्याला कळू दिलं नाही.

तुझं पाकीट टेबलावरच होतं. फोडलं असतं तर क्षणात काम झालं असतं; परवानगी तर तू पाठवून दिलेलीच आहेस. मी आमोदला म्हटलं, “मशीन पासवर्ड मागतंय, माझ्याकडे नाही.” तो म्हणाला, “मग तिच्याकडून मागून घ्या.” मी म्हटलं, “मागणार नाही. हे नाव इथेच राहणार आहे. तुला बघायचं नसेल तर तो पडदा माझ्या खोलीत आहे, तू हॉलमध्ये बस.” त्यानं पाडव्याच्या गाडीची वेळ सांगितली. मग म्हणाला, “तिला सांगा, मी विचारलं म्हणून.” सांगितलं.

आज सकाळी मी करार कायद्याचं एक प्रकरण वाचलं. दोन शब्द खाल्ले आणि एका ठिकाणी ओळ गाळली. माझं मलाच “परत” म्हणावं लागलं, पण वाचलं. दीपालीला पाठवलंय, आणि मशीन कधी बिघडलं आणि कधी नव्हतं तेही तिला सांगितलंय. म्हणाली, “सर, आवाज बसलाय तुमचा. पण चालेल.” पोरगी चांगली वकील होणार.

पाकीट सोबत परत पाठवतोय, फोडलेलं नाही, बघून घे. माझ्या हातून तुझं नाव निघणार नाही. तुला काढायचंच असेल तर तू ये, त्या खुर्चीत बस, तुझा पासवर्ड तू टाइप कर आणि तुझ्या हातानं काढ. मी अडवणार नाही, तोवर चहा टाकतो. आमोद यायच्या आधी ये, तो गेल्यावर ये, नाहीतर तो असताना ये. घर माझं आहे, आणि दार मी उघडतो.

आणि काढायचं नसेल, तर मग लवकर ये. पुढचं प्रकरण मोठं आहे, एकट्याला झेपणारं नाही.

सहीच्या वर काय लिहायचं ते मी ठरवत नाही. तिथली जागा तुझ्यासाठी मोकळी सोडतो.

तुझा


दिगंबर